‘काही नाही’ लिहिलेले पिंजरे

२००६ सालच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता अमरावतीतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मेलेल्या मधमाश्या मोजण्यात आल्या. ज्यांना थोडं कीटकनाशक दिलं होतं, त्या नव्वदांपैकी वीस मेल्या होत्या. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्या नव्वदांपैकी एकेचाळीस मेल्या होत्या.

मोजणी माझ्या थोरल्या बहिणीनं केली. ती त्या कॉलेजात शिकवायची आणि पीएच.डी.चं काम करायची. मी तेव्हा अकोल्यात एका दैनिकात उपसंपादक होते. तिनं साडेनऊला फोन करून आकडे सांगितले. मी ते लिहून घेतले आणि सवयीनं परत वाचून दाखवले.

‘‘बरोबर,’’ ताई म्हणाली. ‘‘पुन्हा तेच.’’

पहिली फेरी जानेवारीत अशीच वाया गेली होती. कपाशीवर फवारलं जाणारं एक कीटकनाशक थोड्या थोड्या प्रमाणात सलग दहा दिवस पोटात गेलं तर मधमाशीचं काय होतं, हे ताईला पाहायचं होतं. त्यासाठी बारा पिंजरे होते, प्रत्येकात तीस माश्या. नऊ पिंजऱ्यांना साखरपाण्यातून औषधाच्या तीन वेगवेगळ्या मात्रा जायच्या. उरलेल्या तीन पिंजऱ्यांना नुसतं साखरपाणी. हे तीन पिंजरे तुलनेसाठी. नियम असा की, या तीन पिंजऱ्यांमधल्या शंभरात पंधरापेक्षा जास्त माश्या मेल्या तर फेरी बाद. माश्या औषधानं मेल्या की तुमच्या हातानं, हे मग सांगता येत नाही. नव्वदांत तेरापर्यंत चालणार होत्या. चौदावी मेली की संपलं.

विद्यापीठाचं पत्र ताईच्या टेबलाच्या काचेखाली होतं. मुदतवाढ एकतीस मार्चपर्यंत, ही तिसरी आणि शेवटची. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं होतं की बाकी सगळं काम पुरेसं आहे, पिंजऱ्यातली एक तरी फेरी नियमात बसलेली हवी. ती नसेल तर प्रबंध स्वीकारायची शिफारस ते करणार नव्हते. सात वर्षांचं काम होतं.

मधमाशी पेटीबाहेर जगवणं अवघड असतं. पेटीत हजारो माश्या मिळून जी ऊब धरून ठेवतात ती प्रयोगशाळेत कपाटाएवढ्या इन्क्युबेटरमधून द्यावी लागते. साडेचौतीस अंश. हवेत ओल हवी, म्हणून खालच्या कप्प्यात मिठाच्या पाण्याच्या बश्या. साखरपाणी टोक कापलेल्या सिरिंजमधून, रोज ताजं, कारण शिळं आंबतं. परागाची मऊसर गोळी. मेलेली माशी दिसली की चिमट्यानं लगेच बाहेर. खोलीत उदबत्ती नाही, डासांची कॉइल नाही, अत्तर नाही. विभागातल्या परिचर मावशींनी लॅबमध्ये येताना केसांना तेल लावणं सोडलं होतं.

आणि वीज. त्या वर्षी भारनियमनाचं वेळापत्रक आमच्याच अंकात छापून यायचं. अमरावती विभागाचं पान लागलं की मी ताईला फोन करून उद्याच्या वेळा सांगायचे. वीज गेली की इन्क्युबेटरमध्ये गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, अर्ध्या तासानं तापमान बघायचं, बाटली बदलायची, पुन्हा बघायचं. ताई तासावर असली की हे काम मावशी करायच्या. विभागात येण्याआधी त्या सोळा वर्षं दवाखान्यात आया होत्या. थर्मामीटर वाचायला त्यांना शिकवावं लागलं नाही.

माझ्याकडं दोन कामं होती. पहिलं, चौकटी आणणं.

पातूरजवळ एक चाचा बियाण्याचा कांदा घ्यायचे आणि कांद्याच्या फुलांसाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेवायचे. प्रयोगाला एकाच वयाच्या, नुकत्या जन्मलेल्या माश्या लागतात. त्यासाठी पेटीतली, पोळं धरणारी अशी लाकडी चौकट आणायची जिच्या बंद घरट्यांमधून एकदोन दिवसांत माश्या बाहेर येणार आहेत. वरच्या मोठ्या माश्या झटकून टाकायच्या आणि चौकट फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात उभी करायची, बाजूला गरम पाण्याच्या दोन बाटल्या. झाकणातून थर्मामीटर आत गेलेला. बत्तीसच्या खाली नाही, छत्तीसच्या वर नाही. पातूर ते अकोला, अकोला ते मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. एसटीनं चार तास, कधी साडेचार. माझी साप्ताहिक सुटी बुधवारी असायची.

पहिल्या खेपेला कंडक्टरनं विचारलं, ‘‘बाई, डब्यात काय हाये?’’

‘‘मधमाश्या.’’

शेजारची बाई उठून मागच्या सीटवर गेली.

‘‘कितीक हायेत?’’

‘‘हजारभर असतील. अजून जन्मल्या नाहीत.’’

‘‘मंग हाफ तिकीटबी नाई लागत,’’ तो म्हणाला आणि पुढे गेला. बडनेऱ्यापर्यंत तो दर स्टॉपला वळून विचारत होता, ‘‘झालं का वो बाळंतपण?’’

दुसरं काम चिठ्ठ्यांचं. पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या. ताईचं अक्षर तिचं तिलाच लागायचं. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या मराठीत हव्या होत्या. तुलनेच्या पिंजऱ्यांना, म्हणजे कंट्रोलला, काय लिहायचं, असं मी विचारलं. ताई म्हणाली, पुस्तकात ‘नियंत्रित गट’ आहे. मी म्हटलं, हे कुणाला कळणार नाही. काय देतेस त्यांना? ‘‘काही नाही,’’ ती म्हणाली. मी ठळक अक्षरात तेच लिहिलं. तीन चिठ्ठ्यांवर ‘काही नाही’. बाकी नऊ चिठ्ठ्यांवर ‘औषध १’, ‘औषध २’, ‘औषध ३’.

‘औषध’ हा शब्द डेस्कवर रोज माझ्या हाताखालून जायचा. गावोगावच्या वार्ताहरांच्या बातम्यांत ‘औषध घेतले’ असं असायचं. वऱ्हाडात फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. आम्ही ते खोडून ‘कीटकनाशक प्राशन केले’ असं करायचो, कारण वाचणाऱ्याचा गैरसमज होऊ नये. त्या वर्षांत ही दुरुस्ती एकेका दिवशी दोनदोनदा करावी लागे. पिंजऱ्यांवर मात्र मी ‘औषध’ लिहिलं. चिठ्ठी लहान होती.

पहिल्या फेरीत चौथ्या दिवसापासून ‘काही नाही’च्या पिंजऱ्यांत तळाच्या कागदावर तपकिरी ओघळ दिसू लागले. माश्यांची पोटं फुगलेली. सहाव्या दिवशी नियमाची मर्यादा ओलांडली. औषधाच्या पिंजऱ्यांमध्ये कागद स्वच्छ होता.

संशय आधी माझ्या कागदावर आला. तळाला घालायला मी छापखान्यातल्या रिळाचा उरलेला कोरा कागद नेला होता. डाग पडलेला एक कागद पाकिटात घालून मी फोरमनला दाखवला.

‘‘कोऱ्या कागदात काय असते?’’ तो म्हणाला. ‘‘आमचा छापलेला पेपर वाचून कोनी मेलं नाई, कोऱ्यानं काय मरन?’’

तरी दुसऱ्या फेरीला आम्ही चित्रकलेचा कागद वापरला. ओघळ तसेच आले. मार्गदर्शकांनी पोटाच्या रोगाची शंका घेतली. ताईनं मेलेल्या माश्यांची आतडी काचपट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. रोगाचे जंतू नव्हते. तिनं पाणी बदललं, साखर बदलली, पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या. वरचे खाली, खालचे वर. ज्या पिंजऱ्यांवर ‘काही नाही’ होतं ते कुठंही ठेवले तरी तेच मरत होते. मंगळवारचा फोन आला तो दुसऱ्या फेरीच्या आठव्या दिवशी. फेरी बाद झाली तरी दहा दिवस पुरे होईपर्यंत पिंजरे इन्क्युबेटरमध्येच ठेवायचे होते.

बुधवारी सकाळी आठला मी पातूरला पोचले. डबा बरोबर होता. तिसऱ्या फेरीसाठी चौकट मागायची होती.

चाचांच्या शेतात कांद्याचे पांढरे गेंद नुकते उघडत होते. बांधाच्या कडेला पेट्या मांडलेल्या. आदल्या पावसाळ्यात तिथं अकरा पेट्या होत्या. भादव्यात शेजारच्या कपाशीवर ऐन फुलात फवारणी झाली, त्यानंतर सहा उरल्या. ताईला पहिल्यांदा चाचांनीच शोधून काढलं होतं. माश्या कशानं मरतात ते कागदावर लिहून देणारं कुणी तरी हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

चाचींनी आतून तांब्याभर पाणी आणि बशीत गुळाचा खडा पाठवला. उन्हातून आलेल्याला तिथं आधी तो देतात, बोलणं मग. मी खडा हातात घेतला आणि दुसऱ्या फेरीचं सांगितलं.

‘‘चौकट मी देतो बेटी,’’ चाचा म्हणाले, ‘‘पन मले एक सांग. माह्या पेटीत तं नाई मरत. मंग तिकडं अमरावतीले जाऊन काहून मरून राहिल्या? शिकेल मानसायच्या हाती गेल्या का मेल्या, असं हाये काय?’’

‘‘तेच कळत नाही.’’

‘‘दोन पेट्या कमजोर झाल्या माह्या. एक चौकट म्हंजे हजार माश्या. आता एकच देईन. उसके बाद मांगू नको.’’

डागाच्या कागदाचं पाकीट अजून माझ्या पर्समध्ये होतं. मी कागद काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो उन्हाकडं करून पाहिला, नाकाशी नेला, अंगठ्याच्या नखानं ओघळ खरवडला.

‘‘यायले गूळ कोन खाऊ घातला?’’

‘‘कुणी नाही. साखरपाणी देतात.’’

‘‘हा साखरेचा डाग नोहे. हे हगवन हाये. म्या केली होती ही गलती, पेट्या नव्या होत्या तवा. पानी लागून होतं, फुलं नाई, साखर घरात नाई. गुळाचं पानी ठेवलं. आठ दिवसांत पेटीची भित अशी झाली.’’ त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. ‘‘जाय. गूळ कोनं देल्ला ते पाहून ये. नाव कळलं का चौकट ने. त्याच्या आधी नाई.’’

गुळाचा खडा अजून माझ्या हातात होता. मी तो खाल्ला, पाणी प्यायले आणि रिकामा डबा घेऊन निघाले.

अकोला स्टँडवरून मी ताईला फोन केला. गूळ, असं म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘लॅबमध्ये गूळ कुठून येणार?’’ साखर कुलूपबंद होती. साखरपाणी ती स्वतः करायची. तिला बारा ते दीड सलग तास होता. मी येतेय, एवढंच सांगितलं. मूर्तिजापूरपर्यंत बस भरलेली होती. रिकाम्या डब्यातला थर्मामीटर बाहेरचं तापमान दाखवत होता, तेहेतीस. बघायचं कारण नव्हतं तरी मी दर पाचदहा मिनिटांनी बघत होते.

विभागात पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वीज नव्हती. लॅबचं दार लोटलेलं. मावशी इन्क्युबेटरपुढं स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर स्टीलची वाटी, हातात कापसाची लांब वात, देवापुढं लावतात तशी वळलेली. वात वाटीत बुडवून त्या तिचं टोक जाळीतून पिंजऱ्यात सोडत होत्या. माश्या टोकाला लगडल्या होत्या.

‘‘प्या वं माय, प्या,’’ त्या माश्यांशी बोलत होत्या. ‘‘तुमच्या नावानं काईच नाई लिवलं बाप्पा.’’

मी दारातच थांबले. त्यांनी वळून पाहिलं, दचकल्या नाहीत.

‘‘आल्या काय लहान ताई? बसा. उनाच्या आल्या, तुमालेबी देतो.’’

‘‘मावशी, काय आहे वाटीत?’’

‘‘गूळ-पानी. दुसरं काय?’’

‘‘सगळ्या पिंजऱ्यांना देता?’’

‘‘नाई वो. औषधवाल्यायले कशी देईन? औषध चालू असलं का गूळ चालते काय? पथ्य मोडन त्यायचं. सोया वर्सं दवाखान्यात काढली मी, मले एवढं समजते.’’

‘‘आणि यांना?’’

‘‘यायच्यावर काय लिवलं हाये? तुमीच लिवलं ना? वाचा.’’ त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवून अक्षरं लावली. ‘‘का-ही ना-ही. औषध नाई, काई नाई. पातूरहून एवढ्या उनात आनता तुमी त्यायले, आनून भट्टीत ठेवता. कोनाच्या दारी पाहुना आला तं गुळाचा खडा तरी देतेच का नाई मानूस?’’

‘‘साखरपाणी मिळतं की त्यांना.’’

‘‘साखरंनं जीव थंडा होते काय?’’

‘‘कधीपासून देताय?’’

‘‘पयल्या दिवसापासून. लाइन गेली, म्याडम तासावर गेल्या, का मी देतो. एक दिवसाचा खाडा नाई.’’

हे शेवटचं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

दीड वाजून पाच मिनिटांनी ताई आली. हाताला खडू होता. मी बोलायच्या आत तिनं वाटी पाहिली होती. ती जवळ आली, वातीचं टोक बोटानं दाबून पाहिलं, बोट जिभेला लावलं.

‘‘कुठला गूळ?’’

‘‘घरचाच हाये, म्याडम. काया गूळ. चांगला हाये.’’

ताईनं दुसरं स्टूल ओढलं आणि मावशींसमोर बसली. मधमाशी घरात घाण करत नाही, असं तिनं सांगितलं. पोटात साठवते आणि बाहेर उडाली की टाकते. थंडीच्या मुलखात महिना महिना साठवते. पिंजऱ्यातून तिला उडता येत नाही. साखर सगळी पचते, मागं काही राहत नाही, म्हणून साखर द्यायची. गुळात साखरेशिवाय पुष्कळ काही असतं. ते माणसाला चांगलं. तिला पचत नाही, पोटात साठतं, आंबतं.

मावशींनी वाटी जमिनीवर ठेवली.

‘‘म्हंजे म्या मारल्या?’’

‘‘नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘चिठ्ठी चुकीची होती.’’

हे बोलताना ती माझ्याकडं पाहत नव्हती. मावशी पदरानं हात पुसत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ‘‘आन् ते औषधवाले? ते बरे व्हतील ना?’’

तेव्हा कळलं की मावशी ‘औषध’ म्हणजे दवाखान्यातलं औषध समजत होत्या. ताईनं ते औषध कसलं ते सांगितलं. मावशी उठल्या, वाटी उचलून बेसिनमध्ये ओतली आणि नळाखाली बराच वेळ घासत राहिल्या.

‘‘उगीच त्यायचं पथ्य सांभायलं,’’ त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

त्याच दुपारी नव्या चिठ्ठ्या करायला बसलो. मी ‘फक्त साखरपाणी’ असं सुचवलं. ताई म्हणाली, त्यात ‘फक्त’ आलं की पुन्हा कुणाला तरी दया येईल. विभागात शिपाई होता, झाडणारी बाई होती, एमएस्सीच्या मुली होत्या. कोण कधी काय देईल सांगता येत नव्हतं.

‘‘सगळ्यायवरच ‘पथ्य’ लिवा ना,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पथ्य दिसलं का कोनी हात लावत नाई. दवाखान्यात आमी कॉटले तीच पाटी लावत जाओ. पेशंटची सासूबी हिंमत करत नव्हती मंग.’’

मी बारा चिठ्ठ्यांवर लिहिलं, ‘पथ्य चालू आहे’. त्याखाली लहान अक्षरात नऊवर ‘कीटकनाशक १’, ‘२’, ‘३’ आणि तीनवर ‘कीटकनाशक नाही’. ताईनं दोनदा वाचून घेतल्या. मग मावशींना वाचायला दिल्या.

पुढच्या बुधवारी मी चाचांना नाव सांगितलं नाही. काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चाचींनी मधेच बशी आणून ठेवली होती.

‘‘मेहमाननवाजी केली त्या बाईनं,’’ चाचा म्हणाले. ‘‘तिले काय बोलता? आमी तुमाले हेच देऊन राहिलो.’’ मग म्हणाले, ‘‘ते चिठ्ठीवालं मानूस कोन हाये?’’

‘‘मी.’’

‘‘अखबारात हायेस ना तू?’’

‘‘हो.’’

त्यांनी बशी माझ्यापुढं सरकवली. चौकट मात्र त्या दिवशी मिळाली नाही. गेल्या आठवड्यातल्या चौकटीतून माश्या निघून गेल्या होत्या, पुढच्या चौकटीतली घरटी नुकतीच बंद झाली होती, माश्या बाहेर यायला वेळ होता. आठ दिवसांनी ये, म्हणाले. मी कॅलेंडर मांडलं. आठ दिवसांनी चौकट, दोन दिवस माश्या निघायला, दहा दिवस प्रयोग. मार्चचा दुसरा आठवडा उलटणार होता. त्यानंतर आकडेमोड, लिखाण, टंकन, बांधणी. चौथ्या फेरीला ना चौकट होती ना दिवस.

त्या आठ दिवसांत ताईनं दिवसातून तीनदा फोन केले. हवा कशी आहे, चाचांच्या शेजारी कुणी फवारत नाही ना, मूर्तिजापूरचा रस्ता खोदलाय असं कळलं ते खरं का. रस्त्याचं मी मूर्तिजापूरच्या वार्ताहराला विचारून सांगितलं. खोदलेला नव्हता.

मार्चच्या पहिल्या दिवशी, बुधवारी, मी चौकट घेऊन निघाले. निघताना चौतीस. अकोल्याला तेहेतीस. चहाच्या टपरीवर बाटल्या भरून घेतल्या. मूर्तिजापूर सोडल्यावर दहा मिनिटांत बसचं मागचं टायर फुटलं. स्टेपनी होती, पण जॅक नव्हता. दुपारचे बारा वाजले होते. बसमध्ये डबा तापायला लागला. पस्तीस, साडेपस्तीस. मी उतरून बाभळीखाली बसले. बाटल्या बाहेर काढल्या. सदतीस. झाकण उघडावं तर वारा कोरडा, झाकावं तर पारा चढतो. फ्लॅनेल ओलं करून डब्याभोवती गुंडाळलं. अडतीस. काही घरट्यांची झाकणं आतून कुरतडली जात होती. एक माशी अर्धी बाहेर आली होती.

‘‘काय वो बाई, घामोळं आलं काय लेकरायले?’’ रस्त्यानं जाणारा एक मोटरसायकलवाला थांबला. मी काय आहे ते सांगितलं. त्यानं आपली पाण्याची बाटली दिली. थंड होती, ओला कपडा गुंडाळलेली.

अडतीसवर पारा वीस मिनिटं राहिला. मग उतरला. दुसरी बस एक तास चाळीस मिनिटांनी आली. अमरावतीला पोचल्यावर मी हे सगळं ताईला सांगितलं, वेळांसकट. तिनं रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘वाहतूक : अडतीस अंश, वीस मिनिटे’. चौकट तिनं इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि काचेतून बराच वेळ पाहत राहिली.

माश्या निघाल्या. नेहमीपेक्षा कमी, पण तीनशे साठ झाल्या. शनिवारी पिंजरे भरले.

रोज सकाळी नऊला मोजणी आणि सव्वानऊला मला फोन. या फेरीला ताईनं रजिस्टरमध्ये दुसरी सही मागितली होती, म्हणजे मोजणारी एक आणि तपासणारी दुसरी. दुसरी सही मावशींची होती.

पहिला दिवस, ‘कीटकनाशक नाही’मध्ये मेलेल्या एकूण तीन. दुसरा दिवस, पाच. ताई म्हणाली, या उन्हानं मारलेल्या असणार, आता थांबेल. तिसरा दिवस, पाच. चौथा, पाच. कागद स्वच्छ. पाचवा, सहा. सहाव्या दिवशी भारनियमनाची वेळ आगाऊ न सांगता बदलली. मावशींनी जेवणाचा डबा बाजूला ठेवून बाटल्या बदलल्या, पारा तेहेतीसखाली गेला नाही. त्या दिवशी आठ. सातवा, नऊ. आठवा, अकरा. मी डेस्कवर होते. फोन ठेवल्यावर शेजारच्यानं विचारलं, कुठला आकडा आहे? मी म्हटलं, अमरावतीचा. त्यानं पानावर जागा ठेवू का विचारलं. मी नाही म्हटलं.

नवव्या दिवशी, सोमवारी, बारा. तेरापर्यंतच चालणार होत्या.

मंगळवारी मी सुटी बदलून घेतली आणि पहाटेच्या पहिल्या बसनं निघाले. साडेआठला विभागात पोचले. मावशी आधीच आल्या होत्या. केस कोरडे. ताई टेबलाशी उभी होती, पत्राच्या काचेवर हात टेकून. नऊ वाजेपर्यंत पिंजरे उघडायचे नाहीत, हा तिचाच नियम होता. तिघीही घड्याळाकडं पाहत होतो.

‘‘उघडा न म्याडम,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पाहून थोडीच मरतीन?’’

‘‘नऊला.’’

नऊ वाजता औषधाचे पिंजरे आधी मोजले. मोठ्या मात्रेत जवळजवळ काही उरलं नव्हतं. मग बाकीचे तीन. पहिल्यात नवीन मेलेली नाही. दुसऱ्यात एक. ताईनं ती चिमट्यानं काढून बशीत ठेवली. तेरा.

तिसऱ्या पिंजऱ्यात कोपऱ्यात एक माशी कुशीवर पडली होती. पाय पोटाशी घेतलेले. ताईनं पिंजरा उजेडाकडं वळवला. माशी हलली नाही.

‘‘गेली,’’ ताई म्हणाली आणि पेन उचललं.

‘‘थांबा,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘हात लावल्याबिगर गेली म्हनाचं नाई. तुमचाच कायदा हाये.’’

नियम तसा होता. ब्रशनं स्पर्श करायचा, दहा आकडे मोजायचे, कोणताही अवयव हलला तर जिवंत. ताईनं ब्रश मावशींच्या हातात दिला. मावशींनी जाळीतून तो आत घातला आणि माशीच्या मागच्या पायाला लावला. ताई मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सातव्या आकड्याला पाय हलला. मी वेळ पाहिली, नऊ वाजून चौदा मिनिटं. ताईनं रजिस्टरमध्ये तेरा लिहिलं आणि सही केली. खाली मावशींनी सही केली.